डाव्या हाताचं ऐक!

जात्यावर बसलं की ओवी सुचते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण आता हे ऐका! जर्मनीतल्या थुरिंगिया भागात सोळाव्या शतकात फाइट बाख नावाचा एक पाववाला होता. गिरणीत दळायला जाताना तो आपलं छोटंसं तंतुवाद्य बरोबर न्यायचा आणि जातं फिरत असताना तिथेच वाजवत बसायचा. खाली घरघर, वर याच्या तारा. दोन्ही मिळून काय बहार येत असेल, आणि त्या घरघरीतच बाबा ताल धरायला शिकले असणार, असं त्याच्या खापरपणतवानं १७३५ साली घराण्याची हकिगत लिहिताना नमूद करून ठेवलं आहे. आमच्या कुळात संगीत आलं ते इथून, असंही वर. त्या हकिगतीत एकूण ५३ जणांची नोंद आहे, आणि बहुतेक सगळे गाण्याबजावण्यातले. कुणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, कुणी नगरपालिकेच्या नोकरीत तुतारी फुंकणारा. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही नावं कानावर पडत वाढलेल्या माणसानं हे वाचल्यावर उडी मारू नये तर काय करावं? घराणंच की हो हे! रक्ताचं, रीतसर, पिढ्यान् पिढ्यांचं घराणं!

खापरपणतवाचं नाव योहान सेबास्टियन बाख. जन्म १६८५, आयझेनाख गावी. तेव्हा इकडे संभाजी महाराज गादीवर होते. आणि या माणसानं सध्या मला पार बिघडवून टाकलं आहे. भाजी करपते, फोन वाजून वाजून थांबतो, नवरा काही विचारतो आणि मी हात वर करून त्याला गप्प करते, कारण खालच्या आवाजात आत्ता ते येणार असतं.

‘ते’ म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.

माझे कान आकाशवाणी, नाट्यसंगीत, कुमार, किशोरीताई यांच्यावर पोसलेले. पियानो म्हणजे हिंदी सिनेमातल्या पार्टीत नायक ज्याच्यापुढे बसून, नायिकेकडे बघत, भलत्याच माणसाशी तिचं लग्न ठरल्याचं दुःख गातो ते काळं चकचकीत लाकूड. त्यापलीकडे आमची ओळख नव्हती आणि ओळख व्हावी अशी निकडही नव्हती. मग भाची आली. तिच्या पियानोच्या परीक्षेआधी आमच्याकडे राहायला, कीबोर्ड काखोटीला मारून. आणि बाहेरच्या खोलीत रोज तेच तेच दोन मिनिटांचं काहीतरी खडखडायला लागलं. शेवटी मी म्हटलं, “अगं, चाल तरी कुठली धरायची यात?” पोरगी मान वर न करता म्हणाली, “मावशी, वरचं ऐकूच नकोस, ते आपोआप ऐकू येतं. डाव्या हाताचं ऐक.”

ऐकलं. आणि झालं!

तो तुकडा होता ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’च्या पहिल्या भागातली सी मायनर फ्यूग. बाखनं हे पुस्तक १७२२ साली पुरं केलं. सी म्हणजे सा धरा. सुरुवातीला एकटा मधला आवाज येतो आणि एक छोटं वाक्य बोलतो: सा नि सा, खालचा पंचम, कोमल धैवत, पुन्हा सा नि सा, रे. दोनच मापांची, चिमटीत मावेल अशी गोष्ट. साथ नाही, ठेका नाही. तो बोलून होतोय तोच वरचा आवाज तेच वाक्य पंचमावरून म्हणायला लागतो. पण पहिला गप्प बसत नाही! तो आपलं वेगळंच काही म्हणत राहतो, उतरत्या सुरांचं, आणि तेही तितकंच नीटस. इथे एक गंमत आहे, ती मला भाचीनं बोट ठेवून दाखवली. पहिल्या वाक्यात सा वरून खालच्या पंचमावर उतार होता. तो जसाच्या तसा उचलून पंचमावरून म्हटला, तर रे वर उतरायला हवं. बाख तिथे रे घेत नाही, सा घेतो. का? तर षड्ज सुटू नये म्हणून! अहो, हे तर आपलंच काम! बाकीचं वाक्य तंतोतंत तेच, फक्त तेवढी एक मुरड, आणि सगळं पुन्हा घरी.

मग सातव्या मापाला तळातून तिसरा आवाज येतो. डावा हात. खर्जात, तेच वाक्य, ठाम. आता तिघं एकदम बोलतायत, तीन वेगळी वाक्यं, आणि एकही दुसऱ्याच्या पायात पाय घालत नाही. तिपेडी वेणी घालताना प्रत्येक पेड आळीपाळीनं वर येतो, मधे जातो, खाली लपतो, तसं ते मूळ वाक्य आता वर, आता तळाशी, आता मधल्या पेडात. जे वर होतं ते खाली गेलं तरी जमतंच. म्हणजे लिहितानाच ते असं बेतलेलं की उलटंपालटं केलं तरी सुरांची भांडणं होऊ नयेत! आणि शेवटाला डावा हात खर्जाचा सा धरून ठेवतो, अगदी तंबोऱ्यासारखा, त्याच्यावर वरचा आवाज ते वाक्य एकदा अखेरचं म्हणतो, आणि सगळा वेळ कोमल गंधारात गेलेली ही फ्यूग थांबते ती शुद्ध गंधारावर. खिडकी उघडल्यासारखा तो गंधार लागला आणि मी स्वयंपाकघरातून “वा!” म्हणून ओरडले. भाची दचकली. त्यांच्याकडे मधेच दाद देत नाहीत म्हणे. नसतील देत, आमच्याकडे देतात.

एकूण ३१ मापं. दोन मिनिटंही नाहीत. आणि ‘वेल-टेम्पर्ड’च्या या एका भागात असे २४ प्रेल्यूड आणि २४ फ्यूग आहेत, आणि वीसेक वर्षांनी त्यानं दुसरा भाग लिहिला, त्यातही तितकेच. मला आयुष्य पुरायचं नाही.

हे जुगलबंदीत होत नाही का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. नाही होत. जुगलबंदीत एक बोलतो तेव्हा दुसरा थांबतो, किंवा दोघं मिळून एकच सांगतात. संवादिनीवाला गायकाच्या मागून जातो, त्याची जागा उचलतो, आणि तो कितीही मोठा असला तरी मागूनच. इथे मागचा-पुढचा असा कुणी नाहीच. इथे साथीदार नावाची जातच नाही. आपल्या गाण्यात एका रेषेचं जे अपार काम आहे, एका मींडेत जे घडतं, ते बाखकडे शोधू नये, सापडायचं नाही. पण अनेक रेषा एकाच वेळी जगवण्याचं जे त्याच्याकडे आहे ते आपण कधी केलंच नाही, आणि हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली याचा मला चक्क राग आला.

तसं अगदी कधीच ऐकलं नव्हतं असंही नाही, आणि हा शोध तर आणखी भारी! शंकर-जयकिशनची गाणी लावा. लताबाई वर गातायत, आणि खाली व्हायोलिनचा ताफा स्वतःची दुसरीच चाल घेऊन चाललाय, गाण्याला न चिकटता, गाण्याला न सोडता. ती चाल लिहिणारा अरेंजर म्हणजे गोव्याचा सेबॅस्टियन डिसोझा. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, तीच पोरं पुढे मुंबईच्या स्टुडिओंत येऊन बसली. तेव्हा डाव्या हाताचं ऐकायची सवय आपल्याला रेडिओनं लावलीच होती की, फक्त कुणी सांगितलं नव्हतं! आता मी जुनी गाणी नव्यानं ऐकते आहे, ती वेगळीच भानगड, तिच्यावर दुसरा लेख होईल.

तर बाख. माणूस कसला होता, तर आपल्या गवयांच्या गोष्टींत बेमालूम खपावा असा. दहाव्या वर्षापर्यंत आई गेली, बाप गेला. थोरल्या भावानं ओरड्रुफला आपल्या घरी नेलं. भाऊ ऑर्गन वाजवणारा, त्याच्याकडे मोठमोठ्या वादकांच्या रचनांची एक वही होती, ती तो धाकट्याला देईना. चीज न देणारे उस्ताद तिकडेही होतेच! वही जाळीच्या दाराच्या कपाटात. पोरानं काय करावं? जाळीतून आपला लहानगा हात घालायचा, वही गुंडाळून बाहेर ओढायची, आणि घरातले निजले की चांदण्याच्या उजेडात उतरवून घ्यायची. दिवा मिळत नव्हता म्हणून चांदणं. सहा महिने हे चाललं. नक्कल पुरी झाली आणि भावाला पत्ता लागला. त्यानं ती काढून घेतली. बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलानं आणि एका शिष्यानं लिहिलेल्या लेखात ही हकिगत आहे.

वीस वर्षांचा असताना तो आर्नश्टाटच्या चर्चमध्ये ऑर्गनच्या नोकरीत होता. ल्युबेकला बुक्स्टेहुडे नावाचा थोर ऑर्गनवादक होता, त्याला ऐकायचं म्हणून यानं चार आठवड्यांची रजा काढली आणि चालत निघाला. ल्युबेक ४०० किलोमीटर! अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात गदगहून पळालेले भीमसेन आठवतात की नाही? गेला तो चार महिन्यांनी उगवला. वरिष्ठांनी फैलावर घेतलं, तर म्हणे, माझ्या कलेतलं काही शिकायला गेलो होतो. वरिष्ठांची आणखी एक तक्रार होती: हा प्रार्थनेच्या साथीत भलतेच सूर घुसडतो, लोक गोंधळतात. त्याच सुमाराला बॅसून हे फुंकवाद्य वाजवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या वाजवण्यावर यानं काहीतरी झोंबणारं म्हटलं, तो रात्री चौकात काठी घेऊन आडवा आला, यानं कमरेचं पातं उपसलं. प्रकरण चौकशीपर्यंत गेलं. पुढे १७१७ मध्ये वायमारच्या ड्यूकची नोकरी सोडायला निघाला आणि सोडा म्हणून इतका हटून बसला, की ड्यूकनं त्याला जवळपास चार आठवडे कोठडीत टाकलं आणि मग नाराजीनं मोकळं केलं. हे ते विग घातलेले, चित्रात फुगलेल्या गालांनी बघणारे गंभीर गृहस्थ!

१७२० साली तो नव्या नोकरीतल्या आपल्या राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला गेला होता. परत येतो तो बायको मारिया बार्बारा गेलेली, पुरलेली, मागे लहान मुलं. एकट्या व्हायोलिनसाठीच्या त्याच्या सहा रचनांच्या त्याच्या हातच्या प्रतीवर हेच साल आहे. त्यांतल्या डी मायनर पार्टिटाचा शेवटचा भाग, शाकॉन, चौदा-पंधरा मिनिटांचा आहे. चार तारा, एक गज, आणि तरी तीन-चार आवाज! मधेच ती कोमल गंधारातून शुद्ध गंधारात जाते, थोडा वेळ तिथे राहते, आणि परत कोमलात येते. ती परतीची जागा मला एकदम ऐकवत नाही. काही जण त्या मृत्यूची आणि या रचनेची गाठ मारतात. मला ती गाठ नको. ज्याला दर आठवड्याला काहीतरी लिहून द्यायचं असतं तो रडायच्या दिवशीही लिहितोच, आणि आनंदाच्या दिवशीही दुःखाचं लिहू शकतो. आपल्या मारव्याला कुणी मरावं लागतं का?

आणि दर आठवड्याला लिहिणं म्हणजे काय, ते लाइपझिगला कळतं. १७२३ साली तिथे सेंट थॉमसच्या शाळेत आणि गावच्या चर्चांमध्ये संगीत सांभाळायची नोकरी त्याला मिळाली. आधी टेलेमानला विचारलं, तो आला नाही. ग्राउप्नरला विचारलं, त्याला त्याच्या मालकानं सोडलं नाही. उत्तम मिळत नसेल तर मध्यमावर भागवावं लागेल, अशा अर्थाचं एक नगरसेवक तेव्हा बोलून गेला. मध्यम! बाख! मग सुरू झाला तो रविवारचा रगाडा. चर्चसाठी रविवारी नवा कांटाटा हवा, म्हणजे गाणारे आणि वाजवणारे मिळून वीसेक मिनिटांची पूर्ण रचना. कागदावर पाच दात्यांच्या टाकानं रेघा ओढायच्या, संहिता लिहायची, मग प्रत्येक वादकाचा आणि गायकाचा कागद वेगळा उतरवायचा. शिष्य उतरवतायत, मुलं उतरवतायत, दुसरी बायको आन्ना माग्दालेना उतरवतेय. ती स्वतः दरबारात गाणारी, आणि तिचं नोटेशनचं अक्षर नवऱ्याच्या अक्षरासारखं इतकं झालेलं, की पुढच्या अभ्यासकांचीही फसगत झाली. घरात मुलं किती, तर दोन्ही बायकांची मिळून वीस झाली, त्यांतली दहा मोठी झाली. शाळेत पोरांवर लक्ष ठेवायचं. आणि रविवार काही चुकत नाही. असे दोनशेच्या आसपास चर्चचे कांटाटा आज शिल्लक आहेत, बरेच हरवले. मी रोज एक ऐकायचं ठरवलं आणि बरोबरी होईना. तो माणूस ते लिहीत होता!

पैशाचं रडगाणं मात्र आपल्या शेजाऱ्यासारखं. १७३० साली एर्डमान नावाच्या बालमित्राला त्यानं पत्र लिहिलं, दुसरीकडे कुठे नोकरी आहे का बघ म्हणून. लाइपझिग महाग आहे, वरिष्ठांना संगीताचं काही पडलेलं नाही, वगैरे. आणि वर हे: आपली मिळकत पगाराबरोबर लग्नं आणि अंत्ययात्रा यांच्या दक्षिणेवर आहे, पण गेल्या वर्षी हवा चांगली होती, माणसं कमी मेली, आणि शंभरावर टालर बुडाले. मी हे वाचून इतकी हसले की डोळ्यांना पाणी आलं. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ तीनच वर्षांपूर्वी लिहून झालेली, दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, तीन तासांच्या आसपासचं मृत्यूचं गाणं, आणि हा गृहस्थ गावात पुरेशी माणसं मरत नाहीत म्हणून हवालदिल!

आता एक खटकणारी गोष्ट, कारण तुमच्यातले स्वराचे सोवळे मला सोडणार नाहीत. ‘वेल-टेम्पर्ड’ म्हणजे सप्तक असं जुळवायचं की बाराही स्वरांना सा मानून त्याच वाद्यावर वाजवता यावं. त्यासाठी प्रत्येक स्वराला थोडं थोडं खोटं बोलायला लावायचं. याच खोटेपणापायी हार्मोनियमवर आपल्याकडे १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीची बंदी होती. माझ्या वडिलांना पेटीचा गंधार कधीच पटला नाही, आणि मलाही पियानोचा शुद्ध गंधार तंबोऱ्यासमोर किंचित चढाच लागतो. पण या खोट्याच्या बदल्यात काय मिळालं ते ऐका: एक माणूस सी पासून निघून चोवीस दारं ठोठावून येतो आणि प्रत्येक दाराआड वेगळं घर निघतं. मी सौदा मान्य केला. वडील असते तर भांडले असते.

१७५० मध्ये तो गेला. डोळे अधू झाले होते, जॉन टेलर नावाच्या फिरत्या इंग्रज वैद्यानं दोनदा शस्त्रक्रिया केली आणि उरलीसुरली नजरही गेली. पुढे याच महाभागानं हॅण्डेलच्याही डोळ्यांवर हात चालवला. हॅण्डेल आणि बाख एकाच वर्षी जन्मले, दोघांची गावं फार लांब नव्हती, आणि दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. गाठ पडली ती एका वैद्याची.

आणि पुढचं सगळं मला कादंबरीसारखं वाटतं. कारण हे घराणं आता रक्तानं नाही, कागदानं चाललं! मोझार्ट १७८९ मध्ये लाइपझिगला आला, सेंट थॉमसमध्ये बाखचं आठ आवाजांचं एक मोटेट त्यानं ऐकलं आणि थक्क झाला. सगळे आवाज एकत्र लिहिलेली संहिता तिथे नव्हती, सुटे कागद होते. सांगतात की त्यानं ते हातात, मांडीवर, आजूबाजूच्या खुर्च्यांवर मांडले आणि सगळे आवाज एकदम वाचत बसला. कोवळ्या वयातला बेथोवन ‘वेल-टेम्पर्ड’ वाजवतो, अशी बातमी त्याच्या गुरूनं १७८३ साली छापून आणली होती. शोपँ मायोर्का बेटावर आजारी असताना हेच पुस्तक जवळ होतं, आणि तिथे त्यानं आपले चोवीस प्रेल्यूड पुरे केले. मेंडेल्सझोनला आजीनं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची प्रत उतरवून घेऊन दिली आणि ११ मार्च १८२९ ला, विसाव्या वर्षी, त्यानं ती बर्लिनमध्ये उभी केली, लाइपझिगबाहेर ती तोवर जवळजवळ कुणी ऐकलीच नव्हती. ब्राम्सनं ती शाकॉन पियानोवर आणली, आणि फक्त डाव्या हातासाठी! डाव्या हाताचं ऐक म्हणते ती पोरगी, ती काही उगीच नाही.

१९७७ मध्ये व्हॉएजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी अवकाशात गेली तिच्यावर संगीताचे २७ तुकडे आहेत. त्यांत बाखचे तीन, आणि आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी एक. बाखवर मी इतकी फिदा आहे तरी हा हिशेब मला मान्य नाही. एक तरी जास्त द्यायचा होता.

सध्या आमच्या घरात भांडण आहे ते ग्लेन गूल्ड या पियानोवादकावरून. भाचीला गूल्ड हवा. त्याचा एकेक स्वर सुटा, टकटकीत, तिन्ही आवाज काचेतून दिसावेत असे. शिवाय वाजवताना तो गुणगुणतो, रेकॉर्डमध्ये ऐकू येतं, आणि तिकडच्या लोकांना ते खपत नाही म्हणे. मला उलट तेवढंच त्याचं आवडतं. वाजवणारा गात नसेल तर वाजवतो कशाला? पण फ्यूगसाठी मला रिख्टर लागतो. त्याच्या रेकॉर्डिंगला खोलीचा घुमारा आहे, आवाज एकमेकांत जरा विरघळतात, आणि खर्ज तर काय लागतो! भाची म्हणते विरघळले की फ्यूग संपली. मी म्हणते तुझे कान अजून कोवळे आहेत. परीक्षा झाली, ती घरी गेली, भांडण व्हॉट्सअ‍ॅपवर चालू आहे. तुम्ही दोन्ही ऐका, पहिला भाग, सी मायनर, आणि रिख्टरच्या बाजूनं मत द्या. मी एकटी पडले आहे.